व्हिटनी प्लँटेशन, लुईझियाना: बंगला शेवटी बघा, आधी नावं वाचा

न्यू ऑर्लिन्सला जाणाऱ्या आपल्या लोकांच्या लिस्टमध्ये फ्रेंच क्वार्टर असतं, साखर भुरभुरलेले बेन्ये असतात, दलदलीत मगरी दाखवणारी बोट असते आणि मग कुणीतरी सुचवतं की एखादं प्लँटेशन हाऊस, म्हणजे गुलामांकडून मळा पिकवून घेणाऱ्या मालकाचा जुना बंगला, पण करून टाका, फोटो भारी येतात. माझं म्हणणं एवढंच आहे की एकच करणार असाल तर व्हिटनी करा, त्या मळ्यावर आता तिथल्या गुलामांच्या आयुष्याचं म्युझियम आहे. आणि फोटोसाठीच जायचं असेल तर इथे नकोच. वॅलेस नावाच्या छोट्या गावाजवळ, मिसिसिपी नदीच्या पश्चिम काठावर आहे, न्यू ऑर्लिन्सपासून गाडीने साधारण तासाभराचं अंतर. आम्ही ह्यूस्टनहून गेलो होतो, माझे बाबा भारतातून आले होते म्हणून त्यांना घेऊन, आणि त्यांच्यामुळे मला ही जागा जेवढी कळली तेवढी एकटीने जाऊन कळली नसती, ते पुढे सांगतेच.

आधी थोडी पार्श्वभूमी. अमेरिकेतलं सिव्हिल वॉर १८६१ ते १८६५, त्याच्या शेवटी गुलामगिरी संपली, आणि त्याच्या आधीच्या काळातले हे मोठमोठे बंगले, समोर पांढरे खांब, ओकच्या झाडांची रांग. न्यू ऑर्लिन्स ते बॅटन रूज नदीच्या दोन्ही काठांनी जो रस्ता जातो त्याला रिव्हर रोड म्हणतात आणि एके काळी त्या रस्त्यावर असे बंगले एकाला एक लागून होते, कारण जमीन गाळाची, ऊस जोरात यायचा आणि साखर थेट बोटीत चढवता यायची. आज त्यातले काही म्युझियम आहेत, काही हॉटेल, काहींमध्ये लग्नं लागतात. आम्ही पूर्वी ह्याच भागातल्या एका बंगल्यात गेलो होतो, नाव घेत नाही, तिथे घेरदार झगा घातलेल्या गाईडने तासभर फर्निचर, झुंबर, चांदीचे चमचे, घरमालकिणीची हौस सगळं सांगितलं आणि गुलामांबद्दल दोन वाक्यं, तीसुद्धा "नोकरचाकर" असा शब्द वापरून. त्या माणसांना विकत घेतलेलं होतं हो. त्यांनी विटा भाजल्या, झाडं तोडली, ऊस लावला, साखर केली, तेव्हा ते झुंबर आलं. मला तिथे बसवेना.

मे २०२५ मध्ये नॉटोवे नावाचा १८५९ चा प्रचंड बंगला आगीत जळून गेला ती बातमी बऱ्याच जणांनी वाचली असेल. दक्षिणेतला अशा बंगल्यांमधला सगळ्यात मोठा, ६४ खोल्यांचा, मालकाकडे १५५ गुलाम होते. काही लोक हळहळले की वास्तू गेली, आणि बऱ्याच काळ्या लोकांनी उघड आनंद व्यक्त केला. मला दोन्ही बाजू समजतात, पण व्हिटनी बघितल्यानंतर दुसरी बाजू जास्त समजते.

आता व्हिटनीचा इतिहास. १७२१ मध्ये हायडेल कुटुंब जर्मनीहून लुईझियानाला आलं, त्या काठाला तेव्हापासून जर्मन कोस्टच म्हणतात. त्यातल्या आम्ब्रोज हायडेलने १७५२ मध्ये ही जमीन घेतली. सुरुवातीला नीळ करायचे, मग १८०० च्या आसपास त्याच्या मुलाने नीळ सोडून ऊस धरला. हे त्या सगळ्या पट्ट्यातच झालं, कारण १७९५ मध्ये न्यू ऑर्लिन्सजवळ एत्येन द बोरेने दाणेदार साखर पाडून दाखवली आणि त्याच सुमारास कॅरिबियनमधल्या हैतीत गुलामांनी बंड करून मळे जाळले, जगातला साखरेचा सगळ्यात मोठा पुरवठा कोसळला, आणि लुईझियानाच्या मळेवाल्यांना संधी दिसली. पुढे आम्ब्रोजचा नातू मार्सेलिन आणि तो गेल्यावर त्याची विधवा आझेली हिने १८६० पर्यंत हा मळा चालवला, तिच्या हाताखाली शंभरच्या आसपास गुलाम होते आणि एका हंगामात चार लाख पौंडांच्या पुढे साखर निघायची. "व्हिटनी" हे नाव खूप नंतरचं, युद्धानंतर १८६७ मध्ये ब्रॅडिश जॉन्सन नावाच्या माणसाने मळा विकत घेतला आणि स्वतःच्या नातवाच्या आडनावावरून ठेवलं.

टूर सुरू होते बंगल्यात नाही, चर्चमध्ये. हे चर्च मूळचं इथलं नाही, नदीपलीकडच्या पॉलिना गावात गुलामगिरीतून सुटलेल्या लोकांनी १८७० मध्ये बांधलेलं, ते इथे आणून उभं केलंय. आत गेलं की लहान मुलांचे मातीचे पुतळे दिसतात, कुणी बाकाशी उभं, कुणी खाली बसलेलं, शिल्पकार वुड्रो नॅश. आम्हाला गळ्यात घालायला एक कार्ड मिळालं, त्यावर अशाच एका मुलाचं चित्र आणि मागे त्याचे शब्द. हे शब्द कुणी लिहून रचलेले नाहीत. १९३० च्या दशकात अमेरिकन सरकारने बेकार लेखकांना काम म्हणून जिवंत असलेल्या जुन्या गुलामांच्या मुलाखती घ्यायला पाठवलं होतं, दोन हजारांच्या वर मुलाखती झाल्या, आणि तोपर्यंत जे जिवंत होते ते गुलामगिरी संपली तेव्हा लहान पोरंच होते ना, म्हणून ह्या म्युझियमने पुतळे मुलांचे केलेत. मला ही कल्पना फार पटली. माझ्या मुलीने ते कार्ड परत जाईपर्यंत काढलं नाही.

मग नावांच्या भिंती. काळा ग्रॅनाइट, त्यावर ह्याच मळ्यावरच्या साडेतीनशेच्या आसपास माणसांची नावं, सोबत कुठून आणलं, जन्म कधीचा, काम काय. आडनाव नाही कुणाला. कुणी सेनेगलकडचं, कुणी काँगोचं, कुणी व्हर्जिनियाहून विकत आणलेलं. १८०८ पासून आफ्रिकेतून माणसं आणायला अमेरिकेत कायद्याने बंदी आली, पण देशातल्या देशात विक्री चालूच राहिली आणि पुढच्या पन्नासेक वर्षांत सुमारे दहा लाख माणसं व्हर्जिनिया, मेरीलँडसारख्या वरच्या गुलामगिरीच्या राज्यांतून अशी खाली दक्षिणेत ढकलली गेली, आईपासून पोर तोडून, नवऱ्यापासून बायको तोडून. ही नावं मिळाली कुठून, तर मालक मेला की मालमत्तेची यादी व्हायची, त्यात बैल, घोडे, गाड्या आणि माणसं एकाच यादीत, प्रत्येकाच्या पुढे किंमत. ह्या नोंदींवर आयुष्य घालवणारे इतिहासकार सेनेगलचे इब्राहिमा सेक हे इथले संशोधन बघतात. पुढे अजून एक मोठा भाग आहे, तिथे फक्त व्हिटनीची नाही तर अख्ख्या लुईझियानातली १,०७,००० नावं कोरलेली आहेत. ती ग्वेंडोलिन मिडलो हॉल ह्या बाईंनी कोर्टाच्या जुन्या फ्रेंच, स्पॅनिश कागदांमधून वर्षानुवर्षं बसून गोळा केली, त्या २०२२ मध्ये गेल्या. तिथे चालताना वाचत वाचत जा, घाई करू नका. मी तर काही नावं मोठ्याने वाचली, कुणी बघतंय का ह्याची पर्वा न करता.

त्यानंतर जे येतं ते सगळ्यात अवघड. ह्या एकाच परगण्यात १८२३ ते १८६३ ह्या चाळीस वर्षांत तीन वर्षांची व्हायच्या आत गेलेली २,२०० गुलाम बाळं, त्यांची नावं गोलाकार ओट्यावर. मधोमध एक काळी परी, हातात बाळ. कॅथलिक चर्चच्या वहीत बाप्तिस्मा आणि दफन लिहिलं जायचं म्हणून ही नोंद राहिली. काही ठिकाणी बाळाचं नावच नाही. लहान मूल सोबत असेल तर तुमचं तुम्ही ठरवा, माझी मुलगी दहा वर्षांची आहे आणि तिला आम्ही आधी सांगून ठेवलं होतं.

आता साखर. इथे बाबांचं सांगावं लागेल. बाबा सांगली जिल्ह्यातल्या एका सहकारी कारखान्यात बॉयलिंग हाऊसमध्ये पॅनमन, म्हणजे पाक शिजवून साखर पाडणारे, होते, आणि त्याच्या आधी आजोबांचं शेतात गुऱ्हाळ होतं, त्यामुळे ऊस हा विषय आमच्या घरात जेवणाइतका रोजचा. तिथे आवारात मोठमोठ्या लोखंडी काहिली ठेवल्यात. बाबा थेट तिकडे गेले, काठावरून हात फिरवला आणि मला म्हणाले, "ही आपली काहीलच आहे की गं, फक्त आपण एकावर भागवतो, ह्यांनी रांग लावली असणार." आणि खरंच रांगच असायची. एकाच चुलवाणावर चार-पाच काहिली, मोठीपासून लहानपर्यंत, पहिलीत कच्चा रस, आणि आटत जाईल तसा लांब दांड्याच्या डावाने पुढच्या काहिलीत टाकायचा, शेवटच्या सगळ्यात लहान काहिलीत पाक तयार. त्या प्रत्येक काहिलीला फ्रेंचमध्ये वेगळं नाव, शेवटच्या काहिलीला बॅटरी म्हणायचे. तो उकळता पाक उचलून ओतणारा माणूस गुलाम, खाली लाकडं सारणारा गुलाम, चरकात ऊस घालणारा गुलाम, आणि हे रात्रंदिवस. कारण लुईझियानात हिवाळ्यात दहिवर गोठतं आणि त्याने उभा ऊस खराब होतो, म्हणून ऑक्टोबर ते डिसेंबर एवढ्या तीन महिन्यांत सगळं गाळप उरकायचं. अठरा-अठरा तासांची पाळी. झोपेत हात चरकात गेला तर हात तोडायला जवळ कोयता ठेवलेला असायचा असं तिथे सांगतात. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "आम्ही आठ तासांची पाळी करून यायचो तर तुझी आई दार उघडताना म्हणायची, किती दमलाय. आणि आमचा तर पगार होता."

अमेरिकेत कापसाच्या मळ्यांवर गुलामांची संख्या जन्मांमुळे वाढत गेली, पण लुईझियानाच्या उसाच्या परगण्यांत जन्मांपेक्षा मृत्यू जास्त होते, म्हणजे मालकांना सतत नवी माणसं विकत आणावी लागायची. न्यू ऑर्लिन्सचा गुलामांचा बाजार देशातला सगळ्यात मोठा झाला त्यात ह्याचाही हात होता. हे कळल्यावर मला त्या भिंतीवरची "व्हर्जिनिया", "मेरीलँड" ही राज्यं का आहेत ते एकदम लागलं.

आणि एक गोष्ट जी आपल्याकडच्या प्रत्येक कारखान्यातल्या माणसाला माहीत असायला हवी असं मला मनापासून वाटतं. कारखान्यात ज्याला आपण क्वाड म्हणतो, एका भांड्यातली वाफ पुढच्या भांड्याला तापवते, आत हवेचा दाब कमी केलेला असतो म्हणून रस कमी तापमानावर उकळतो, ती पद्धत ज्याने बसवली तो नोर्बेर रिलियू, न्यू ऑर्लिन्सचा, जन्म १८०६. त्याची आई काळ्या वंशाची स्वतंत्र स्त्री, वडील गोरे. पॅरिसला शिकला, १८४३ आणि १८४६ मध्ये पेटंट घेतली. त्याच्या यंत्रामुळे ती उकळत्या काहिलींची रांग हळूहळू गेली, इंधन वाचलं, साखर चांगली झाली. पण ते यंत्र ज्यांच्या मळ्यांवर बसलं ते मळे गुलामांच्याच जिवावर चालू राहिले, नफा मालकांचा वाढला. त्याला स्वतःला त्या राज्यात काळ्यांवरचे निर्बंध वाढत गेल्यावर परत फ्रान्सला जावं लागलं, १८९४ मध्ये तिकडेच वारला. बाबांनी आयुष्यभर ज्या भांड्यांतून आलेल्या पाकाची साखर केली त्याचा माणूस हा, आणि त्यांना नाव माहीत नव्हतं, मी पार्किंगमध्ये सांगितलं तेव्हा त्यांनी मला दोनदा परत म्हणायला लावलं.

मला कुणीतरी विचारेल की मग आपल्या ऊसतोड कामगारांचं काय, बीडहून कोयता घेऊन कुटुंबच्या कुटुंब येतात, उचल घेतलेली असते, पोरांची शाळा बुडते. विचारा, बरोबरच आहे, आणि त्यावर बोललंच पाहिजे. पण दोन्ही एकच म्हणू नका. तोडकऱ्याचं मूल मुकादमाची मालमत्ता नसतं, ते बाजारात उभं करून दात बघून विकता येत नाही. त्रास मोजायला एकच पट्टी लावली की दोघांवरही अन्याय होतो. ऊस आणि माणसं ह्यांचं आपलं अजून एक नातं आहे ते मॉरिशसचं. ब्रिटिशांनी १८३० च्या दशकात गुलामगिरी बंद केली तेव्हा उसाला माणसं हवीत म्हणून करारावर हिंदुस्थानातून मजूर नेले, त्यात कोकणातले मराठी लोकही होते, त्यांचे वंशज आजही तिथे मराठी म्हणवतात, गणेश चतुर्थीला देशभर सुट्टी असते. व्हिटनीच्या शेतावर उभं राहून मला हे सगळं आठवत होतं, कारण शेजारी आजही ऊसच उभा आहे, तसाच दाट, खोडवा धरलेला.

आवाराच्या एका टोकाला १८११ च्या उठावाचं स्मारक आहे, ते थोडं आड ठेवलंय आणि ते योग्यच आहे. ८ जानेवारी १८११ ला ह्याच परगण्यात नदीच्या पलीकडच्या काठावर, मॅन्युएल आंद्रीच्या मळ्यावर चार्ल्स देलोंद ह्याच्या पुढाकाराने गुलाम उठले आणि नगारे वाजवत न्यू ऑर्लिन्सच्या दिशेने निघाले, वाटेत माणसं मिळत गेली, दोनशे ते पाचशेच्या दरम्यान. अमेरिकेच्या इतिहासातला गुलामांचा हा सगळ्यात मोठा उठाव. दोनच दिवसांत चिरडला, शंभरच्या जवळपास माणसं लढाईत आणि नंतरच्या खटल्यांत मारली, आणि मुंडकी कापून नदीकाठच्या ह्याच रस्त्याने खांबांवर लावली. स्मारकात तेच दाखवलंय, काठ्यांवर मुंडकी, ओळीने. बरेच जण म्हणतात की हे फार होतंय. मला नाही वाटलं. ज्यांनी ती खरी मुंडकी लावली त्यांना लोकांनी बघावं हेच हवं होतं, मग आज आपण नजर का वळवायची? जिथून उठाव सुरू झाला ते घर २०२४ मध्ये इथल्याच गुलामांच्या वंशातल्या दोन बहिणींच्या संस्थेने विकत घेतलं, हे ऐकून मला फार बरं वाटलं.

बंगला सगळ्यात शेवटी येतो. आणि बंगला सुंदर आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. खांबांचा राजवाडा नाही हा, क्रेओल, म्हणजे तिथल्या फ्रेंच-स्पॅनिश वसाहतींच्या काळातल्या पद्धतीचं जुनं घर आहे, १७९० च्या आसपासचं, तळमजला विटांचा आणि वरचा मजला सायप्रसच्या लाकडी चौकटीत माती आणि झाडावर लोंबणारं स्पॅनिश मॉस कालवून भरलेल्या भिंतींचा, पूर आला तरी राहती जागा वर कोरडी राहावी म्हणून. पुढे मागे रुंद गॅलरी, खोलीतून खोलीत दारं, मधे बोळ नाही, वारा आरपार. छतावर आणि भिंतीवर १८३० च्या दशकातलं रंगकाम अजून टिकलंय. मागे वेगळं स्वयंपाकघर, आगीच्या भीतीने घरापासून तोडलेलं, आणि त्या स्वयंपाकघरात दिवसभर उभं असणारी बाई पण विकत घेतलेलीच. ह्याच घरात ॲना नावाची गुलाम मुलगी होती, तिला घरमालकिणीच्या भावापासून मुलगा झाला, व्हिक्टर. त्या व्हिक्टर हायडेलच्या वंशातल्या सिबिल हायडेल पुढे न्यू ऑर्लिन्सच्या पहिल्या काळ्या महापौराच्या, डच मोरियल ह्यांच्या पत्नी. तीन तास ती नावं वाचून आल्यावर घराकडे बघितलं की वीट वेगळी दिसते, खरंच.

काही गोष्टी नीट सांगायला हव्यात. गुलामांच्या राहण्याच्या खोल्या ज्या दिसतात त्या बहुतेक दुसऱ्या मळ्यावरून आणलेल्या आहेत, इथल्या मूळच्या १९७० च्या दशकात पाडल्या. आणि लोखंडी जेलची खोली आहे ती १८६८ ची, म्हणजे गुलामगिरी संपल्यानंतरची, फलक न वाचता पुढे गेलात तर गैरसमज होईल. माझ्या मते ह्या दोन्हीबद्दल फलक अजून मोठे आणि ठळक हवेत. चर्चसुद्धा बाहेरून आणलेलं. ज्याला मूळ जागेवरची मूळ वास्तूच हवी आहे त्याने हे लक्षात घ्यावं. मला स्वतःला चाललं, कारण काय कुठून आणलंय ते लपवलेलं नाही. आणि १८६५ ला सगळं संपलं असं पण नाही, त्याच खोल्यांत मजूर म्हणून त्याच कुटुंबांतली माणसं पुढे शंभर वर्षं राहिली, पगार मळ्याच्याच दुकानात उधारीला जायचा. हा भाग टूरमध्ये आहे, चांगला आहे.

हे म्युझियम झालं कसं हेही ऐका. १९९० मध्ये फॉर्मोसा कंपनीने इथे रेयॉनचा प्रचंड कारखाना काढायला ही जमीन घेतली होती, लोकांनी विरोध केला, बेत बारगळला. मग जॉन कमिंग्स नावाच्या न्यू ऑर्लिन्सच्या वकिलाने ती घेतली, स्वतःचे ऐंशी लाखांच्या आसपास डॉलर घातले आणि डिसेंबर २०१४ मध्ये उघडलं, २०१९ मध्ये ना-नफा संस्थेच्या हवाली केलं. गोरा माणूस, त्याला लोकांनी विचारलं की तू का. ज्यांना जाण आहे त्या इतिहासकारांना सोबत घेतलं आणि शेवटी मालकी सोडली, मला एवढं पुरे वाटतं. पण आजूबाजूला बघा, त्या अख्ख्या पट्ट्यात रसायनांचे कारखाने आहेत, लोक त्याला कॅन्सर ॲली म्हणतात, आणि जे शेजारी राहतात ते बहुतेक ह्याच मळ्यांवरच्या माणसांचे वंशज. वॅलेसला लागून धान्याचा एक महाकाय डेपो होणार होता, तो लोकांनी लढून २०२४ मध्ये थांबवला.

जाणाऱ्यांसाठी: मंगळवारी बंद असतं, तरी निघण्याआधी वेळा आणि तिकीट त्यांच्या साईटवर बघून घ्या. गाईडसोबतची टूर घ्या, ऑडिओवर एकट्याने पण करता येतं पण प्रश्न विचारता येत नाहीत, आणि आमच्या गाईड बाईंनी बाबांच्या काहिलीच्या प्रश्नांना शांतपणे उत्तरं दिली, मी मधे भाषांतर करत होते तरी थांबल्या. उन्हाळ्यात जाऊ नका, सगळं उघड्यावर आहे, दमट गरम, टोपी आणि पाणी हवंच. वयस्कर माणसं असतील तर हळू चालायची तयारी ठेवा. खायला जवळपास फार काही नाही, आम्ही दशम्या आणि चटणी नेली होती. त्याच रस्त्यावर पुढे ओक ॲली आहे, २८ ओकची प्रसिद्ध रांग, वेळ उरला तर जा, पण व्हिटनी आधी. आणि तिथे गेलात तर आन्त्वानबद्दल विचारा, तो तिथला गुलाम माळी, त्याने १८४० च्या दशकात पिकॅनच्या (अक्रोडासारखं सुकं फळ) झाडांवर कलमं यशस्वी केली, आज अमेरिकेत बागायतीचं जे पिकॅन मिळतं त्याची सुरुवात तिथली.